कडेला कड

३ मार्च, सोमवार

नोकरी पक्की झाली. सकाळी आठला सिस्टरचा फोन आला, सरांची सही झालीय, उद्याची वाट कशाला बघता, आजच या. मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. आई मागून म्हणाली, अगं केस तरी विंचर, नाहीतर पेशंट समजून तुलाच पट्टी बांधतील.

इमारत तिमजली आहे. खाली मलमपट्टीची खोली आणि फायलींची कपाटं, वर प्रयोगशाळा, आणि गच्चीवर काचेच्या छपराखाली ती वेल, जिच्यासाठी हा सगळा कारभार मांडलाय. पानं अगदी साधी, कुणाच्याही कुंपणावर शोभतील अशी. सरांनी मला वर नेऊन तिच्या खोडाला ब्लेडने बोटभर चीर दिली आणि संध्याकाळी निघण्याआधी पुन्हा बघायला बोलावलं. चीर नव्हती. कुठे होती तेही मला दाखवता आलं नाही. सरांचा चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलासारखा झाला होता.

मी नऊ वर्षं जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे गिरवले. मग यंत्रं आली आणि आम्हा गिरवणाऱ्यांना घरी बसवलं. इथे पुन्हा तेच काम, फक्त जमिनीऐवजी जखमा. तासाभरात सिस्टरने माझं नाव नकाशेबाई पाडून टाकलं.

६ मार्च, गुरुवार

कामाची पद्धत आता अंगवळणी पडतेय. जखमेवर पातळ पारदर्शक कागद ठेवायचा, बारीक पेनाने तिची कड गिरवायची, मग तो कागद चौकटींच्या कागदावर ठेवून आत किती चौकटी येतात ते मोजायचं. कॅमेरा आहे, पण ओल्या, चमकणाऱ्या जखमेवर तो गोंधळतो. कातडी कुठे संपते आणि जखम कुठे सुरू होते ते माणसाचा डोळाच ओळखतो, असं सरांचं मत. मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पेशंट सगळे भाजलेले. भाजलेल्या जागी लावायला त्यांच्या मांडीची वरची कातडी काढलेली असते, त्यामुळे मांडीवर एक लालभडक चौकोन उरतो. त्याच्या डाव्या अर्ध्यावर एका ट्यूबमधलं मलम लावायचं, उजव्या अर्ध्यावर दुसऱ्यातलं. वेलीच्या अर्काचे वेगवेगळे भाग काढून त्यांना नंबर दिलेत, एका ट्यूबमध्ये त्यातला सातवा असतो, ज्याला सगळे सात नंबर म्हणतात. दुसऱ्यात नुसतं मलम. कुठल्या ट्यूबमध्ये काय, हे ना पेशंटला माहीत, ना सिस्टरला, ना मला. उत्तरं सरांच्या कपाटात बंद पाकिटात आहेत.

सलग तीन वेळा चौकटी शून्य भरल्या की फाईल बंद. पेशंटला पुन्हा बोलावत नाहीत.

१० मार्च, सोमवार

आज जेवणाच्या सुट्टीत सरांनी सात नंबर काय करतो ते समजावलं. जखम झाली की कडेच्या कातडीतल्या पेशी आतल्या बाजूला सरकायला लागतात. समोरून दुसरी कड येते. कडेला कड भेटली की दोघीही थांबतात. म्हाताऱ्या माणसात, मधुमेहात, त्या सरकतच नाहीत. सात नंबर त्यांना हलवतो. मी विचारलं, मग थांबवतो कोण. सर हसून म्हणाले, त्या आपापल्या थांबतात, त्यांना लाखो वर्षांची सवय आहे.

घरी आल्यावर आईची पट्टी बदलली. डाव्या टाचेची जखम आता तीन वर्षांची होईल. मधुमेहाने पाय बधिर, त्यामुळे तिला दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच भीती जास्त. सर्जनने ३१ तारीख दिली आहे. तोवर जखम भरायला लागली नाही तर पाय गुडघ्याखाली काढायचा. आईला मी काय करते ते सांगितल्यापासून ती पाय पुढे करून विचारते, काय ग, आज माझा देश केवढा झाला? मी मोजते आणि खोटं सांगते.

१४ मार्च, शुक्रवार

सिस्टरने चांगलंच झापलं. हातमोजा घालून माझी रेघ थरथरते, म्हणून मी उजव्या मोज्याची अंगठ्याची आणि दोन बोटांची टोकं कापून टाकली होती. नऊ वर्षं मी कड बोटाने चाचपूनच गिरवत आले, माझा हात तसाच चालतो. ती म्हणाली, नकाशेबाई, हा डोंगर नाही, माणूस आहे. सर मध्ये पडले. माझ्या रेघा सगळ्यांत अचूक येतात, राहू द्या म्हणाले. मी त्यांना मनातल्या मनात शंभर गुण दिले.

पेशंटमधल्या गवंडीबुवांचा आज तिसरा शून्य. डावा अर्धा नऊ दिवसांत भरला, उजवा अजून लाल आहे, पण तो आपापला भरेल. स्वभावाने मोठे गमतीदार. जाताना म्हणाले, बाई, माझ्या हाताखालच्या पोरांनी असं प्लॅस्टर केलं असतं तर मी त्यांची आरती ओवाळली असती. फक्त जागेला खाज सुटते म्हणाले. सिस्टर म्हणाली, खाज म्हणजे बरं होण्याची खूण.

पाकीट न उघडता मला कळलं आहे कुठली ट्यूब खरी. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी अकरा जणांच्या कडा रोज गिरवते, त्यामुळे कुठल्या बाजूची कड कशी चालते ते हाताला पाठ झालंय.

१७ मार्च, सोमवार

गवंडीबुवांची डावी ट्यूब कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकायची होती. निम्मी भरलेली होती. मी ती पर्समध्ये टाकली.

हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला स्वतःलाच नाकारता येणार नाही. आईला सांगितलं, कामावरच्या सरांनी दिलंय. ती म्हणाली, बघ, देवमाणूस आहे. मी बोटाने लावलं. नंतर तिनेही हट्टाने स्वतःच्या हाताने लावून घेतलं, तेवढंच मला कामात मदत म्हणून.

२१ मार्च, शुक्रवार

कड हलली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी दोनदा गिरवली, तिसऱ्यांदा गिरवली. सत्तावीस चौकटींच्या एकोणीस झाल्या. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर आई म्हणाली, पाणी वाया घालवू नकोस, रडायचं तर इथे बसून रड, मलाही सोबत होईल.

२५ मार्च, मंगळवार

नऊ चौकटी.

सकाळी कानातलं घालायला गेले तर ते आत जाईना. आरशात पाहिलं. दोन्ही कानांची भोकं बुजली आहेत. नुसती बुजली नाहीत, तिथे खूणही नाही. आठ दिवस काही घातलं नव्हतं, म्हणून असेल. पण लहानपणापासूनची भोकं आठ दिवसांत बुजतात का?

२८ मार्च, शुक्रवार

शून्य! सर्जनने चष्मा कपाळावर चढवून टाच पाहिली, मग मला विचारलं काय लावलं. मी म्हटलं घरगुती काहीतरी. तो म्हणाला, ३१ तारीख खोडून टाका. आईने त्याला तिथेच सांगितलं की तुमची करवत आता दुसऱ्या कुणासाठी घासून ठेवा. परत येताना ती फुटपाथवर माझा हात न धरता चालली. मी मागून बघत राहिले. इतकं सुख मला झेपत नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

आईच्या डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट चिकटलंय. मला वाटलं मलम वाळलं असेल. कोमट पाण्यात पाय बुडवला, हळूच सोडवायला गेले. मलम नाही. कातडी आहे. दोन्ही बोटांवरून एकच कातडी गेली आहे, मध्ये साधी रेघही नाही.

आई म्हणाली, बदक झाले की मी, आता पोहायला शिकव. मी हसले. हसत हसत मी ती जागा पुन्हा चाचपली.

तिच्याही कानांची भोकं गेली आहेत.

२ एप्रिल, बुधवार

गवंडीबुवा परत आले. बोलावलं नव्हतं. त्यांचा भाऊ त्यांना धरून घेऊन आला. ते कमरेत वाकून चालत होते, डावा तळहात मांडीवर ठेवून, जसा पाय दुखला की माणूस ठेवतो तसा. खाज येते म्हणून जागेवर हात ठेवून झोपले होते. सकाळी हात निघेना.

सिस्टरने पॅन्ट कापली. तळहात मांडीत गेला होता. बोटांचे उंचवटे दिसत होते, पाची, आणि त्यांच्यावरून मांडीची कातडी सलग गेली होती. नखंही खाली गेली होती.

ते एकही गंमत बोलले नाहीत. फक्त मला विचारलं, बाई, तुम्ही रेघ काढायचात ना, आता कुठून काढाल?

सर आधी म्हणाले, भाजल्याच्या व्रणात असं आखडतं. सिस्टर म्हणाली, सर, भाजलं होतं ते पाठीला, हा हात आहे. मग सरांनी पाकीट फोडलं. डावी ट्यूब, सात नंबर. मला आधीच माहीत होतं.

त्यांची फाईल काढली. शून्य, शून्य, शून्य, बंद. सर म्हणाले, नियमाप्रमाणे आपण बरोबर केलं होतं. सिस्टरचा आवाज पहिल्यांदा चढला. शून्यानंतरचा रकाना तुम्ही छापलाच नाहीत, मग शून्यानंतर काय झालं ते कळणार कुठून? उरलेल्या दहा जणांपैकी ज्या चौघांच्या फायली बंद झाल्यात त्यांच्या घरी ती स्वतः जाणार आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

सिस्टर तीन घरी जाऊन आली. चौथ्या घरी गेली नाही. तिघांचं विचारलं तर म्हणाली, एकीचं सांगते, हनुवटी छातीला लागली आहे, ती आता खालीच बघते. दुसऱ्या दोघांचं विचारू नकोस.

मी सगळं कबूल केलं. ट्यूब, आई, कापलेला मोजा. मला वाटलं सिस्टर मारेल. तिने माझा उजवा हात उलटा करून पाहिला, अंगठा आणि दोन बोटं, आणि मग खाली सोडला. म्हणाली, आजपासून झोपताना बोटांमध्ये कापड ठेव, आईच्याही.

सर म्हणाले, आता कळतंय. सात नंबर पेशींना हलवतो, पण थांबायचं विसरायला लावतो. कडेला कड भेटली तरी त्या थांबत नाहीत, पुढची कड शोधतात. शरीरात कडा किती असतात ते मोजायला त्यांनी मला सांगितलं नाही. मीच मोजल्या. ओठांना दोन. पापण्यांना चार. नाकपुड्या. कान.

५ एप्रिल, शनिवार

इस्पितळ. सर्जनने आईची बोटं कापून वेगळी केली आणि मध्ये जाळी ठेवली. आठला केलं. दोनला जाळी कातडीखाली होती.

कापलं की नवी कड तयार होते. नव्या कडा जास्त वेगाने धावतात. हे मला आधी कळायला हवं होतं, कडा माझंच काम.

सर्जन दाराबाहेर बोलला. वॉर्डात ठेवता येणार नाही, इथे सगळ्यांना उघड्या जखमा आहेत आणि हे कशाने पसरतं ते अजून नक्की नाही. घरीच ठेवा, कुणाला हात लावू देऊ नका. सरांशी त्याचं बोलणं झालंय. त्याच वेलीचा तीन नंबरचा भाग पेशींना थांबवतो, निदान काचेच्या ताटलीत तरी. माणसाला देण्याइतका बनवायला पाच दिवस लागतील. गुरुवारी सकाळी नऊला सिस्टर घेऊन येईल.

गुरुवार. पाच दिवस. आईला म्हटलं, पाच दिवस काय, चुटकीसरशी जातील. ती म्हणाली, तू लहानपणी परीक्षेच्या आधी असंच म्हणायचीस आणि मग नापास व्हायचीस.

७ एप्रिल, सोमवार

आईच्या ओठांचे दोन्ही कोपरे मिटलेत. तोंड आता नाण्याएवढं. सूप स्ट्रॉने देते. बोलते, पण शब्द शिट्टीसारखे येतात. ती त्याचीही थट्टा करते. मला कळत नाही ती काय म्हणाली, पण डोळ्यांवरून कळतं की थट्टाच होती.

उजवा डोळा सकाळी अर्धा. पापण्यांना तूप, तेल, जे घरात होतं ते सगळं लावलं. सिस्टर फोनवर म्हणाली, लावत राहा, ओलं ठेव, कडा एकमेकींना लागू देऊ नकोस. आणि कापू नकोस. काहीही झालं तरी कापू नकोस.

माझं मधलं बोट अंगठ्याला लागलं की ओढून काढावं लागतं. दुखत नाही. मऊ आवाज येतो.

८ एप्रिल, मंगळवार

कापलं.

सकाळी तोंड पूर्ण मिटलं होतं. तिला औषधाची गोळी द्यायची होती, साखर चढली होती, ती घाबरून नाकाने जोरजोरात श्वास घेत होती. मी ब्लेड उकळलं. ओठांची जुनी रेघ मला पाठ आहे, ती मी जन्मल्यापासून पाहतेय. तिच्यावरूनच नेलं. तिने माझ्या मनगटाला धरून ठेवलं होतं, ढकलायला नाही, हलू नये म्हणून.

ती बोलली. पाणी प्यायली. गोळी घेतली. म्हणाली, बाळा, तुझी रेघ सरळ येते हो.

दहाला कापलं. एकला बंद.

एकला कापलं. अडीचला —

९ एप्रिल, बुधवार

डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची तिन्ही बोटं एक झालीत. पेन आतच होतं, ओढून काढलं. अक्षर वाचता येईल अशी आशा.

तोंड आता नाही. पंचवीस मिनिटांत मिटतं, मी कापणं थांबवलं. आईनेच थांबवलं. माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, पुरे.

डोळे नाहीत. कान नाहीत. तिला आता फक्त स्पर्श कळतो, म्हणून मी हात सोडत नाही, फक्त मध्ये कापड ठेवते.

उरलं नाक. दोन्ही नाकपुड्यांत सिस्टरने पाठवलेली एकेक नळी घातली आहे, तेल लावून. नळी आहे तोवर कडा भेटत नाहीत. दर दहा मिनिटांनी फिरवायची. फिरवली नाही की कातडी तिला धरते.

सिस्टरला फोन केला. तिचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. माझे कान. तीन नंबर तयार आहे म्हणाली, असं मला वाटलं. उद्या नऊ. दार उघडं ठेव म्हणाली, घंटा तुला ऐकू येणार नाही.

फिरवली.

फिरवली.

डावा डोळा मिटतोय. दुसऱ्याने —

फिरवली.

१० एप्रिल, गुरुवार

सात वाजून वीस. उजेड आहे.

झोप लागली. किती वेळ ते माहीत नाही. बसल्या बसल्या, तिच्या उशीवर डोकं टेकून.

कापड खाली पडलंय.

माझा उजवा हात आणि तिचा डावा. ओढला. मनगटापर्यंत एकच आहे. कुठे मी संपते ते दिसत नाही. बोटं हलवली तर तिची हलतात. तिने परत हलवली. जागी आहे. घाबरलेली नाही, किंवा मला घाबरवायचं नाही म्हणून —

उजवी नळी नाकात नाही. जमिनीवर आहे. त्या बाजूला आता सपाट.

डावीकडची आहे. धरलीय, फिरत नाही. पण वारा येतो. बारीक. माझ्या ओठांना लागतो. एवढ्यावर ती —

ब्लेड टेबलावर. तीन पावलं. पलंगासकट ओढत गेले तर नळी हलेल. नाही गेले तर —

सात चाळीस. वहीवर लिहिते म्हणजे जागी राहते. दार उघडं आहे. सिस्टर नऊला. ती कधी उशीर करत नाही. एक तास वीस मिनिटं. तीन नंबर लावला की थांबेल. सर म्हणाले थांबेल. ताटलीत थांबलं होतं.

माझे ओठ. एक कोपरा.

आई तळहाताच्या आत काहीतरी लिहितेय. आतून. कळत नाही. पुन्हा लिहितेय. झोप असं काहीतरी. नाही झोपणार. तिला परत लिहिलं, नऊ.

आठ वाजून पाच. वारा कमी लागतोय. नळीभोवतीची कड नळीच्या तोंडावर चढते आहे. दिसतंय मला, सरकताना दिसतंय. मी एवढ्या कडा गिरवल्या, कधी चालताना पाहिली नव्हती. बोटाने मागे ढकलते. पुन्हा येते. ढकलते. माझं बोट आता —

बोट निघत नाही. नळीवर आहे. ते आत गेलं तर वारा —

पंचावन्न मिनिटं. पायरीवर सिस्टर आली की जमीन हलेल, कळेल मला. जिन्यावर आत्ता काहीतरी —

पेन दातात धरून लिहि